जिगर नावाची चाल

माझ्या वडिलांच्या बँडमध्ये एक चाल होती. तिला सगळे जिगर म्हणत. वरात मांडवाच्या दारात पोचली, नवरदेव घोड्यावरून उतरायच्या बेतात असला की अब्बा क्लॅरोनेट वर करत आणि ती सुरू होई. तिचे ठोके तीन-तीनच्या जोडीने पडतात, त्यामुळे उभ्या माणसाचा एक पाय आपोआप उचलला जातो. चालीच्या दुसऱ्या भागात एक जागा अशी आहे की सूर चढता चढता एकदम खाली जातो आणि परत वर येतो. बँडवाले त्याला गोता म्हणत. गोत्याला नाचणारे सगळे एकदम गुडघ्यात वाकत. परतूरमध्ये चाळिशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, तो ती गुणगुणून दाखवील आणि गोत्याला मान खाली करील.

अब्बा सांगत की मी जन्मले त्या दिवशी ते हसनाबादला एका लग्नात वाजवत होते. मुलगी झाल्याचा निरोप तिथेच पोचला आणि परतीच्या टेम्पोत ती चाल त्यांच्या बोटांत आली. घरात आम्ही उर्दू बोलतो. उर्दूत आईबाप लेकराला जिगरचा, म्हणजे काळजाचा, तुकडा म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण अब्बा म्हणत, "तू माझं जिगर, म्हणून चालीचं नाव जिगर." मी ते शाळेत सांगितलं होतं. रस्त्यावरून वरात गेली की वर्गातल्या मुली खिडकीतून आधी वरातीकडे आणि मग माझ्याकडे बघत. हारुन आणि मी, आम्ही दोघं भावंडं; घरात सगळं वाटून घ्यायचो. ही चाल तेवढी वाटायची नव्हती.

डीजे आल्यावर बँड मोडला. अब्बांनी क्लॅरोनेट विकलं नाही. मी जालन्याला एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि बहुतेक रविवारी रेल्वेने परतूरला जाते.

गेल्या उन्हाळ्यात एका स्टुडिओचं लग्नाचं गाणं सगळ्यांच्या मोबाइलवर वाजायला लागलं. गाण्याच्या सुरुवातीला जिगर होती, गोत्यासकट. अब्बांनी ते मोबाइलच्या दुकानात ऐकलं आणि तिथूनच मला फोन केला.

"अंबू, माझी चाल चोरली."

आम्ही स्टुडिओला पत्र लिहिलं. उत्तर आलं की सदर चाल पारंपरिक आहे.

"पारंपरिक म्हंजे काय?" अब्बा म्हणाले. "जिचा बाप मेला ती? मी जिता आहे की!"

एका स्थानिक वर्तमानपत्राने त्यांचा क्लॅरोनेट घेतलेला फोटो छापला आणि वर मथळा दिला, 'जिगरचे जनक'. परतूरच्या एका मंडळाने सत्कार ठरवला. पैशांचा विषय अब्बांनी कधी काढला नाही. त्यांना गाण्याखाली नाव हवं होतं. "तू सायन्सवाली," ते मला म्हणाले, "सिद्ध करून दाखव."

सिद्ध करायचं म्हणजे माझ्या जन्माआधी ती चाल कुठेच नव्हती हे दाखवायचं. एखादी गोष्ट नव्हती हे दाखवणं अवघड असतं. नीट शोधायचं, सापडली नाही की कुठे कुठे शोधलं ते लिहायचं, एवढंच हातात असतं. मी अब्बांकडून चाल वाजवून घेतली, संगणकावर तिचे सूर आणि त्यांचा वेळ मोजला, पाच रेघांवरचं नोटेशन वाचायला शिकले आणि चाल त्यात उतरवली. जगभरचे लोक अनोळखी चाली ओळखून देतात अशी एक वेबसाइट आहे, तिथे ती टाकली. खरं तर कुणीच ओळखू नये म्हणून टाकली.

आयर्लंडमधून उत्तर आलं. नुआला नावाच्या एका निवृत्त ग्रंथपाल बाईंचं. त्यांनी लिहिलं होतं, ही जिग आहे. जिग हा तिकडचा नाच आणि त्या नाचाची चालही; ठोके असेच, तीन-तीनचे.

जिग आणि जिगर यांतला सारखेपणा मला लगेच दिसला. मी तो योगायोग म्हणून बाजूला ठेवला. त्या शब्दाचा उगम मला माहीत होता. तो मीच होते.

नुआलाबाईंनी जुनी ध्वनिमुद्रणं पाठवली. एक ग्रामोफोनच्या तबकडीवरचं होतं, अमेरिकेला गेलेल्या कुणा फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणाऱ्याचं, खरखरीतून येणारं. दुसरं एका शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात केलेलं, बासरीचं. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आहे. मग चालींच्या छापील संग्रहांची पानं आली, शंभर वर्षांहून जुनी. एका संग्रहात चालीला एका टेकडीचं नाव होतं, दुसऱ्यात ती कुणा विधवेच्या फाटकाच्या नावावर होती. तबकडीवर तर नावच नव्हतं. तिकडे नाव चालीला चिकटून राहत नाही, असं बाईंनी लिहिलं होतं. मी सगळे नमुने एकाखाली एक मांडले. बोट ठेवून पाहिलं तर बहुतेक सूर आमच्या जिगरचेच होते. फक्त गोता नव्हता. आमची चाल जिथे बुडी मारते तिथे या सगळ्या सरळ वर चढत होत्या.

ते घेऊन मी परतूरला गेले. अब्बांनी कान पुढे केला आणि डोळे मिटले.

त्यांच्या कानाविषयी सांगायला हवं. एकदा ते माझ्या प्रयोगशाळेत आले होते. मी मुलांसाठी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे नादकाटे, मांडून ठेवले होते. त्यांनी एकेक टेबलावर आपटून कानाशी धरला आणि एक बाजूला काढला. म्हणाले, यावर नंबर चूक लिहिलाय. मी मोजून पाहिलं. नंबर चूक होता. तेव्हापासून माझ्यापुरतं हे उपकरण तपासून झालं होतं.

फिडल संपलं. बासरी संपली. अब्बांनी डोळे उघडले.

"न्हाई," ते म्हणाले. "ही ती न्हाई."

"अब्बा, सूर जवळजवळ तेच आहेत. मी मोजलेत."

"गोता कुठं आहे? गोता न्हाई तर जिगर न्हाई. चुलत बहीण असंल हिची. चेहरा मिळतो, माणूस वेगळं."

"बिलकुल वेगळी?"

"बिलकुल."

मी नुआलाबाईंना कळवलं की माझ्या वडिलांच्या मते ही चाल निराळी आहे आणि त्यांच्या कानावर मी कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त विश्वास ठेवते. वाक्य थोडं तुसडं झालं होतं. त्याच आठवड्यात मी स्टुडिओला निवेदन पाठवलं: साम्य वरवरचं आहे, गोता इतर कुठल्याही नमुन्यात नाही, चाल माझ्या वडिलांची आहे. खाली सही केली, पदवी आणि हुद्दा लिहिला. सत्काराच्या दिवशी मी याच विषयावर बोलावं असं मंडळाने ठरवलं होतं.

नुआलाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त लिहिलं की फौजी बँडांसाठी छापलेली जुनी पुस्तकं अजून बघायची राहिली आहेत, आणि तुमच्या बाजूला इंग्रजांची छावणी होती का? जालन्याला होती. मी तसं कळवलं आणि विसरून गेले.

पावसाळा संपता संपता त्यांच्याकडून एक पान आलं. फौजी बँडसाठी बसवलेली चाल, फक्त क्लॅरोनेटचा भाग. मी दुसऱ्या भागावर गेले. सूर चढत होते, आणि जिथे पुढचा ठिपका वरच्या रेघेवर हवा होता तिथे तो खाली, तळाच्या रेघेखाली छापलेला होता. नुआलाबाईंनी त्याभोवती गोल काढून लिहिलं होतं: ही छपाईतली चूक दिसते, याच वाद्यवृंदाच्या दुसऱ्या वाद्यांच्या पानांवर ती नाही, आणि क्लॅरोनेटच्या पानावरही पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केली आहे.

दोन वह्यांत एकच बरोबर उत्तर असलं तर त्यातून काही ठरत नाही. एकच चूक असली तर ठरतं. हे मी दर वर्षी परीक्षेच्या वेळी मुलांना सांगते.

मग मी पानाचं डोकं वाचलं. मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'जिग' आणि त्याला लागून, बसवणाऱ्याच्या नावाआधी 'अरेंज्ड बाय'चा जो संक्षेप लिहितात तो, 'अर'. पुढचं नाव स्कॅनमध्ये कापलं गेलं होतं. मी ते दोन्ही शब्द सलग म्हणून पाहिले.

तरीही एक शक्यता उरत होती. अब्बांच्या कुणा उस्तादाच्या उस्तादाने ते पान वाचलं असेल आणि चाल कुठून आली हे कळण्याआधीच ती हवेतून अब्बांच्या कानावर पडली असेल. टेम्पोत बोटांत येते ती चाल कुठून येते, हे बोटांना थोडंच माहीत असतं. परतूरच्या गाडीत मी हे स्वतःला बऱ्याच वेळा सांगितलं.

घरी ओट्यावर सोमेश्वरकाका बसले होते. ते बँडमध्ये ट्रंपेट वाजवत. आता कापसाच्या जिनिंगजवळ त्यांचं चहाचं दुकान आहे.

"या, प्रोफेसरबाई!" ते म्हणाले. "मास्तर नवा कोट शिवून राह्यले सत्काराला. मी म्हणलं, बँडचाच घाला, लाल. बटनं लागली तर लागली."

"तुझी लागतेत का बघ आधी," अब्बा म्हणाले. "जल्मभर ट्रंपेट फुंकलं यानं, पण हवा सगळी पोटातच गेली."

मी ते पान दाखवलं नाही. त्यावरचे सूर मी संगणकात भरून मोबाइलवर घेतले होते. काही न सांगता ते वाजवले. यंत्राचा आवाज, चढ-उतार नसलेला.

सोमेश्वरकाकांनी मांडीवर ठेका धरला. गोत्याला त्यांची मान खाली गेली.

"जिगर की आपली! पर कुणी वाजवली अशी, मुडदा उठवल्यासारखी?" ते हसले. "बाकी बराबर आहे. अगदी कागदावरच्यावानी."

"कुठल्या कागदावरच्या, काका?"

"मास्तरांच्या मुझफ्फर उस्तादांच्या. त्यांच्या ट्रंकेत न्हवता का पिवळा कागद? छावणीतला म्हणायचे. मास्तरांनीच तर माझं बोट धरून शिकवलं त्याच्यावर. हा काळा ठिपका खाली उतरला की गोता. इंग्रजी आम्हाला कुठं येतंय? उस्ताद वरचं वाचून दाखवायचे, जिग-अर, जिग-अर..."

"सोम्या," अब्बा म्हणाले.

सोमेश्वरकाकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "का बरं? पोरीला म्हाईत न्हाई?"

"काका, तुमच्या लग्नात कोणती चाल वाजली होती?"

"जिगरच वाजली असंल," ते हळू म्हणाले. "उस्ताद होते तवा. तुझा तर पत्ताबी न्हवता." ते उठले आणि चपला शोधायला लागले. "मी दुकान उघडं टाकून आल्तो. चलतो मास्तर."

ते गेल्यावर अब्बांनी शेजारची उशी सरळ केली.

"मी ते फिडल लावलं होतं," मी म्हणाले. "तेव्हा तुम्ही ओळखलं होतं?"

"हो."

"कधी?"

"पहिल्या फटक्याला."

"आणि न्हाई म्हणालात."

"गोता न्हवता त्यात. झूट काय बोललो?"

"अब्बा!"

त्यांनी मान वळवली. "तू विचारलं कसं ते आठव. मशीन पुढं करून, रडायचा चेहरा करून. तुला न्हाईच ऐकायचं होतं."

"मला खरं ऐकायचं होतं. मशीन हो म्हणत होती. मी तिचं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं. त्या बाईंना तसं लिहिलं. सही करून निवेदन पाठवलं."

"ते कशाला जल्दी पाठवलं? मी म्हणलो होतो का?"

ते थोडे सावरले. समजावणीच्या सुरात म्हणाले, "बघ, मी बांधली तर खरी ना. कागद मोठ्या बँडचा, तीस-चाळीस गोऱ्यांचा. आमच्याकडं सात जण, त्यातला एक नेहमी गैरहजर. कोणी काय वाजवायचं, कुठं थांबायचं, ढोल कुठं टाकायचा, सगळं मी बांधलं. त्या स्टुडिओवाल्यानं गोता कुणाचा उचलला? आयर्लंडच्या माणसाचा? त्याच्यात तर गोताच न्हाई. माझाच उचलला."

"गोता छापणाऱ्याची चूक आहे, अब्बा."

मी छापून आणलेलं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते ओळखलं, हे मला दिसलं. ठिपक्याभोवतीच्या गोलावर त्यांचं बोट थांबलं. ती चूक आहे हे मात्र त्यांना आजवर माहीत नव्हतं. मी ते अशा रीतीने सांगायला नको होतं का, याचा विचार नंतर केला. त्या वेळी मला त्यांचं बोट बघायचं होतं.

अम्मी आतून आली. तिने सगळं ऐकलं होतं. "एवढं काय त्यात," ती म्हणाली. "लाडानं बोलतो बाप. चांदोमामा तुझा म्हणलं तर काय चांदोमामा नावावर होतो? मला वाटलं, मोठी झाल्यावर तुला समजलं असंल. हारुनला केव्हाच समजलंय."

हारुनलाही माहीत होतं. परतूरमध्ये बहुधा सगळ्यांनाच माहीत होतं, ज्यांना कुणी विचारलं नाही त्यांना. एकटी मी, जिने पुस्तकं मागवली, सूर मोजले आणि परक्या देशातल्या एका बाईला तुसडं उत्तर लिहिलं.

"माझ्या जन्माच्या दिवशी तुम्ही हसनाबादला होता का?" मी विचारलं.

"होतो," अब्बा म्हणाले. "ते खरं आहे. जिगर वाजवूनच राह्यलो होतो, तेव्हा निरोप आला."

ते आशेने माझ्याकडे बघत होते. हे मला दिलं की मी शांत होईन, असं त्यांना वाटत असावं. मी पान घडी करून पर्समध्ये ठेवलं.

"मी निवेदन मागे घेणार आहे."

"सत्कार होऊन जाऊ दे."

"नाही."

"मंग मी मेल्यावर लिही. तुझ्या एका ओळीनं मी चोर होतो, अंबू. पेपरात फोटो आलाय माझा."

"माझ्याच ओळीनं तुम्ही जनक ठरला होता."

अम्मी मला गप म्हणाली. अब्बा उठून आत गेले.

स्टुडिओला पत्र मी जालन्याला पोचल्यावर लिहिलं. त्यात दोन वाक्यं होती. पहिलं, ही चाल माझ्या वडिलांनी रचलेली नाही, ती जुनी आयरिश जिग आहे. दुसरं, गाण्यात वापरलेलं तिचं रूप गोत्यासकट परतूरच्या बँडमधूनच घेतलेलं आहे, कारण ती चूक त्यांनीच जिवंत ठेवली. स्टुडिओने दुसरं वाक्य गाळून पहिलं जगाला दाखवलं, माझ्या पदवीसह. मंडळाने कार्यक्रम पुढे ढकलल्याचं कळवलं. पुढची तारीख दिली नाही. नुआलाबाईंची मी माफी मागितली. त्यांना राग नव्हता, उलट आनंद झाला होता. दुरुस्त झालेली चूक एवढ्या दूर एवढी वर्षं नाचत राहिली, यावर त्या लेख लिहिणार आहेत. अब्बांचं नाव त्यात येईल, वादक म्हणून.

"वादक," अब्बा म्हणाले. "म्हंजे वाजवणारा. शाब्बास."

मी रविवारी जाते. आम्ही बोलतो, बाजाराचं, अम्मीच्या गुडघ्याचं. सोमेश्वरकाका मी असताना येत नाहीत.

मागच्या खेपेला नुआलाबाईंनी बासरीची दोन ध्वनिमुद्रणं पाठवली होती, दुसऱ्याच कुठल्या चालीची. वाजवणारा एकच माणूस आहे की दोन, यावर त्यांच्याकडे वाद चालू होता, आणि तुमच्या वडिलांचं मत कळलं तर बरं, असं त्यांनी लिहिलं होतं. मी मोबाइल अब्बांच्या उशाशी ठेवला. त्यांनी डोळे मिटून दोन्ही ऐकली, दुसरं परत ऐकलं.

"दोघं आहेत," ते म्हणाले. "पहिला सूर संपवून श्वास घेतो. दुसरा सूर तोडून घेतो. हा दमेकरी असंल बिचारा." आणि मग, मी काही विचारलं नव्हतं तरी, "खरंच सांगून राह्यलो."

"बरं," मी म्हणाले.

जालन्याला येऊन मी नुआलाबाईंना उत्तर लिहायला बसले. दोन माणसं आहेत, एवढं लिहिलं आणि थांबले. मग ते पुसलं, संगणकावर दोन्ही ध्वनिमुद्रणं उघडली आणि श्वासाच्या जागा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.